रोपांआधी हक्काचा कागद



"आदिवासी गावांसाठी रोपे पाठवू का?" असे मंडळ्यांतून नेहमी विचारले जाते. काही वर्षांपूर्वी मीही गडचिरोलीतल्या एका गोंड गावात रोपे घेऊन गेलो होतो. एक आजी म्हणाल्या, "जंगल तर उभंच आहे, दादा. ते आम्ही राखायचं, एवढा कागद मिळवून द्या." माझी चूक मला तिथेच कळली.

तो कागद म्हणजे सामूहिक वनहक्काचा दाखला. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार, गाव परंपरेने वापरत आलेले जंगल राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. त्यासाठी ग्रामसभा वनहक्क समिती निवडते. समिती हद्द फिरून नकाशा करते, पुरावे जोडते. ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे व पुढे जिल्हा समितीकडे जातो.

वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हे सारे पुराव्यात धरले जाते. काही विश्वासणारे विचारतात, "देवस्थानाची नोंद आपण का करावी?" माझे उत्तर साधे आहे: ते तिथे आहे, आणि शेजाऱ्याविषयी खरी साक्ष देणे ही देवाची आज्ञा आहे.

हक्क मिळाला की काय होते? गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला तो 2009 मध्ये मिळाला आणि पुढे बांबूची विक्री ग्रामसभेच्या हाती आली. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला 2012 मध्ये मिळाला. तेंदूपत्त्यासाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, म्हणून त्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याचे रोख उत्पन्नच सोडले. गरीब गावाने स्वतःहून केलेला हा त्याग आहे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करायला. ही राखण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, त्यांना ती शिकवायला आपण जायचे नाही. जबाब लिहून घेणे, नकाशाचा खर्च, तालुक्याच्या खेपा, आणि दावा फेटाळला गेल्यास 60 दिवसांत दाद मागणे, एवढ्यात हातभार लावायचा. मदत करताना कोणाचा धर्म विचारायचा नाही. ठराव ग्रामसभेचाच असावा.

या तिमाहीत रोपांऐवजी या कामासाठी दान द्यावे, आणि ज्यांचे दावे अजून कचेरीत पडून आहेत त्या गावांची प्रार्थनेत आठवण करावी, ही विनंती.