मंडईच्या रात्री पडदा लावूया का?

फ्रेंड्स, फोनची गॅलरी उघडा. रील्स किती, सेल्फी किती? आणि गावातल्या दंडारीचा एखादा तरी व्हिडिओ? माझ्याकडे एकही नव्हता. मी मास कॉमचा विद्यार्थी, तरी! माझे आजोबा दंडारीत लुगडं नेसून बाईचं सोंग घ्यायचे म्हणे. ते गेले आणि त्यांचा आवाज कुठेच उरला नाही.

म्हणून वाटतं, आसगाव-पवनी पट्ट्यातल्या पोरांनी आपल्या वारशाचा फिल्म फेस्टिव्हल करावा. थिएटर कुठून आणायचं? अहो, दिवाळीनंतरच्या मंडईला गर्दी असतेच. झाडीपट्टीचं नाटक बघायला लोक थंडीत रात्रभर बसतात. मंडई समितीला विचारून त्याच मैदानात, नाटकाआधी अर्धा तास पांढरा पडदा बांधला की झालं.

'आपल्याला जमेल का?' म्हणत असाल, तर नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव बघा. यंत्रमागांच्या त्या शहरात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने गावातल्याच मित्रांना घेऊन २००० मध्ये 'मालेगाव के शोले' केला. पुढे त्यांनी सुपरमॅनही बनवला. त्याची धडपड फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपली. सुपरमॅन झालेला शफीक शेख २०११ मध्ये कॅन्सरने गेला. पडद्यावर मात्र तो अजून उडतोय.

आपल्याकडे दाखवायला काय आहे? पवनीला १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप आणि ब्राह्मी लेख कोरलेले खांब सापडले. त्या टेकडीजवळून आपण जातो, थांबतं कोण? वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. पाण्याखाली गेलेल्या गावांची घरं आता म्हाताऱ्यांच्या आठवणीतच उभी आहेत. अशी एक आठवण पाच मिनिटं रेकॉर्ड केली, तरी फिल्म झाली. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या गल्लीतल्या ढोलकीवाल्याला निदान एक कॅमेरा तरी मिळू दे!

आधी परवानगी घ्या. फोन आडवा धरा, आवाज नीट येतोय ना ते तपासा. नाव, गाव, वय त्यांनाच सांगू द्या. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा.

मंडई दरवर्षी येईल. दंडारीतले म्हातारे थांबतीलच असं नाही. येत्या रविवारी जा, सोबत चहा घ्या आणि विचारा, "आबाजी, एखादं गाणं म्हणता का जी?"