हेल्मेट झाले, अंगाचे काय?
दुचाकीस्वारासाठी हलका संरक्षक शर्ट निवडताना

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर कोंढव्यात कौसरबागेच्या बाजूला थोडा वेळ उभे राहून पाहावे. दुचाकींचा नुसता लोंढा वाहत असतो. कुणाच्या हँडलला फळांची पिशवी, कुणाच्या मागे समोशांचा पुडा सांभाळत बसलेला धाकटा भाऊ. मगरिबला दहा मिनिटे उरलेली, दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही आणि प्रत्येकाला अजानच्या आत घर गाठायचे आहे. डोक्यावर हेल्मेट असले तर असते. अंगात मात्र पातळ कुर्ता, नाहीतर टी-शर्ट.

हे चित्र एका महिन्यापुरते नाही. भवानी पेठ, कॅम्प, हडपसर, खडकी, कुठेही पाहा, आपल्या घरातली मुले कॉलेजला, कंपनीत, दुकानावर दुचाकीनेच जातात. जेवणाची पार्सले पोचवणारी मुले तर दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर असतात. त्यांच्यासाठी दुचाकी हे वाहन नाही, रोजीचे साधन आहे. मनगट मोडले तर दीड-दोन महिने कमाई बंद, आणि दवाखान्याचा खर्च वेगळा.

पुण्यात हेल्मेटवर जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कारवाई कडक केली, तेव्हा सक्तीविरोधात कृती समितीही उभी राहिली. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातले कलम १२९ तेव्हाही होते, आजही आहे. १ जून २०२१ पासून तर आयएसआय शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणेच बंद केले गेले. या सगळ्या गदारोळात मानेखालच्या शरीराचा विषय मागे पडला. कायदा अंगावरच्या कपड्याबद्दल सक्ती करत नाही, म्हणून आपणही विचार करत नाही.

दुचाकीवरून पडल्यावर शरीराला दोन वेगळे मार बसतात. पहिला आपटण्याचा. स्वार साधारण मीटरभर उंचीवरून खाली येतो, त्यामुळे गाडीचा वेग तीस असो वा साठ, जमिनीवर आदळण्याचा जोर जवळपास सारखाच. खांदा, कोपर, मनगट आणि गुडघा आधी टेकतात. (समोर दुभाजक किंवा खांब आला तर मग हिशेब बदलतो, तिथे वेगच सगळे ठरवतो.) दुसरा मार घसरण्याचा, आणि तो वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने पडलेला माणूस कोरड्या डांबरी रस्त्यावर अंदाजे दहा मीटर घासत जातो, ६० वेगाने वीस मीटरच्याही पुढे. सुती सदरा एवढ्या घर्षणात कधीच फाटून जातो. खेळाडूंसारखा पॉलिएस्टरचा टी-शर्ट त्याहून वाईट, कारण तो उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो.

म्हणजे कपड्याने दोन कामे करायला हवीत. धक्का शोषायचा आणि घासणे सोसायचे. पहिले काम आतले पॅड करतात, ज्यांना दुकानदार ‘आर्मर’ म्हणतो. दुसरे काम कापड आणि शिवण करते. बाजारात बहुतेक जण फक्त पॅड दाबून पाहतात आणि कापडाकडे लक्षच देत नाहीत.

घरात हा विषय काढला की एखादे वडीलधारे म्हणतात, ‘अरे, जे नशिबात आहे ते का चुकणार आहे?’ तकदीरवर ईमान आपले आहेच. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते. उहुदच्या लढाईत खुद्द त्यांच्या अंगावर दोन चिलखते होती, हेही हदीसमध्ये आले आहे. आणि हजरत दाऊद (अ.) यांना लोखंडाची जिरह बनवण्याची कला अल्लाहने शिकवली, ती माणसांचे रक्षण व्हावे म्हणून. सूरह सबामध्ये तर कड्या मापात जोडण्याची सूचनाही आहे. नुसती जिरह असून भागत नाही, तिचे माप आणि जोडणी नीट हवी. शर्ट घेताना नेमके हेच पाहायचे आहे.

रायडिंग शर्ट दिसायला साधा असतो. चौकड्यांचा, बटणांचा, कॉलर असलेला. आतून अस्तर वेगळे असते आणि खांदे, कोपरे व पाठ यांच्या जागी पॅडसाठी खिसे असतात. चांगल्या शर्टात बटणांच्या पट्टीखाली चेन असते. नुसत्या बटणांवर शर्ट घसरताना उघडतो, म्हणून चेन नसलेला घेऊ नये. अस्तर बहुधा अरॅमिड धाग्याचे असते. केव्हलार हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या महिला रसायनशास्त्रज्ञाने १९६५मध्ये हा धागा शोधला. हे अस्तर पूर्ण शर्टाला आहे की फक्त खांद्या-कोपरांना, हे बाही उलटी करून पाहावे. जाहिरातीत दोन्हींना एकच नाव असते.

आता लेबल वाचण्याविषयी. युरोपात दुचाकीच्या कपड्यांसाठी ईएन १७०९२ हे मानक आहे आणि भारतातले चांगले उत्पादकही त्याचा दाखला देतात. त्यात ट्रिपल ए, डबल ए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. पडल्यावर जास्त घासणाऱ्या भागांसाठी घर्षणाची चाचणी ट्रिपल ए वर्गाला ताशी १२० किलोमीटरच्या हिशेबाने, डबल ए वर्गाला ७०च्या आणि ए वर्गाला ४५च्या हिशेबाने होते. बी म्हणजे घर्षण सोसणारे कापड, पण पॅड नाहीत. सी म्हणजे नुसते पॅड धरून ठेवणारी जाळी, घर्षणापासून संरक्षण नाही. ती दुसऱ्या मजबूत कपड्याच्या आत घालायची असते. शहरातल्या गाडीला ए पुरतो. रोज कात्रज–देहूरोड बायपासने जाणाऱ्याने, नवले पुलाचा तो उतार उतरणाऱ्याने, डबल एच घ्यावा असे आम्हाला वाटते.

पॅडचे लेबल वेगळे असते. खांदा-कोपरासाठी ईएन १६२१-१ आणि पाठीसाठी १६२१-२. लेव्हल १च्या कोपराच्या पॅडमधून चाचणीत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर पलीकडे गेला तरी चालतो, लेव्हल २मध्ये ही मर्यादा २० आहे. पाठीसाठी अनुक्रमे १८ आणि ९. आजचे चांगले पॅड हाताला मऊ लागतात आणि अचानक धक्का बसला की क्षणभर कडक होतात. उष्णतेने असा फोम ढिला पडू शकतो, म्हणून ४० अंशांची चाचणी पार केलेल्या पॅडवर ‘टी’ अक्षरापुढे अधिकचे चिन्ह असते. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात भर दुपारी गाडी चालवणाऱ्याने ते चिन्ह जरूर शोधावे.

एक फसवणूक मात्र सर्रास चालते. खांद्या-कोपरांना खरे पॅड आणि पाठीच्या खिशात उशीत भरतात तसला स्पंज. दुकानातच तो बाहेर काढून पाहावा. त्यावर कसलाही छाप नसेल तर पाठीचे पॅड वेगळे विकत घ्यावे लागणार, हे धरूनच भाव करावा. रस्त्याकडेला हजार-बाराशेला मिळणारी, वर काळे प्लॅस्टिक ठोकलेली जाकिटे ही निव्वळ शोभा आहे.

मापाच्या बाबतीत आपल्याकडे एक सवय नडते. ‘दोन वर्षे वापरायचा आहे, एक नंबर मोठा घे,’ असे अम्मी सांगतात. शाळेच्या गणवेशाला ते ठीक. इथे ढिला शर्ट म्हणजे पडताना कोपराचे पॅड फिरून भलतीकडे जाणार आणि हाड उघडे राहणार. शर्ट घालून गाडीवर बसावे, हात हँडलवर ठेवावेत आणि दुसऱ्याला बाही ओढून पाहायला सांगावे. पॅड सरकले तर माप चुकले. मनगटाजवळ आवळायची पट्टी असेल तर उत्तम.

नमाजच्या दृष्टीने शर्ट जाकिटापेक्षा सोयीचा. पण पॅडवाली बाही वुजूसाठी कोपरापर्यंत सरकत नाही, शर्ट उतरवावाच लागतो. तेव्हा पुढून पूर्ण उघडणारा घ्यावा, डोक्यातून घालायचा नको. आत साधा सुती सदरा असला की प्रश्न मिटतो. काही मुले कातडी हातमोजेही घेतात. आयात केलेल्या काही मालात डुकराचे कातडे असते, त्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या पुंजक्यांत दिसतात. शंका आली तर बकरीच्या किंवा गाईच्या चामड्याचे लेबल पाहूनच घ्यावे, नाहीतर कापडी हातमोजे उत्तम मिळतात.

उन्हाळ्यासाठी जाळीचा शर्ट हवेशीर असतो, पण खांदे आणि कोपरे यांवर जाड नायलॉनचे, म्हणजे कॉर्ड्युरासारखे, तुकडे शिवलेले असतील तरच. पावसाळ्यात त्यावरून नेहमीचा रेनकोट घालावा. धुताना पॅड काढून हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. अरॅमिड उन्हाने कमजोर होते, गच्चीवरच्या दोरीवर आठ-आठ दिवस टांगू नये. एकदा जोरात पडल्यावर पॅड बाहेरून धड दिसले तरी बदलावे.

खर्च? रायनॉक्स, व्हायाटेरा, रॉयल एनफिल्ड अशा भारतीय कंपन्यांचा माल साधारण पाच-सहा हजारांपासून सुरू होतो. पार्सलवाल्या मुलाच्या घरात ही रक्कम लहान नाही. पैसे थोडे असतील तर क्रम असा धरावा: आधी खरे आयएसआय हेल्मेट, मग हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट, कारण पडताना माणूस हात आधी टेकतो. शर्ट त्यानंतर. ईदच्या कपड्यांवर दोघा भावांचे मिळून जेवढे जातात, त्यात एका वर्षी एक चांगला शर्ट बसतो, हेही पाहायला हरकत नाही.

मागे बसणाऱ्यांचा विचार तर कुणीच करत नाही. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, मुलाला हेल्मेट आणि ताशी ४०च्या आत वेग, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. बायकांसाठी सी वर्गातली पॅडची जाळी अबायाच्या आत घालता येते आणि बाहेरून कळतही नाही. मात्र त्यांना खरा धोका घेराचा आणि ओढणीचा, जो मागच्या चाकात अडकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी गाडीला असायलाच हवी. आपली मुले नवी गाडी घरी आली की ‘लूक खराब होतो’ म्हणून आधी तीच काढतात. माळ्यावर पडलेली ती जाळी शोधावी, नसेल तर नाना पेठेत स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात विचारावे, आणि अम्मी पुढच्या वेळी मागे बसायच्या आत बसवून घ्यावी.