विजेच्या चौकटीतली माणसे



खेड्यातल्या कोणत्याही जुन्या घरी जा. ओटी ओलांडून माजघरात पाऊल टाकले, की नजर आधी जाते ती भिंतीच्या वरच्या अंगाला ओळीने टांगलेल्या तसबिरींकडे. देवादिकांच्या शेजारी फेटा बांधलेले आजोबा असतात, नऊवारीतली आजी असते, बैलजोडीजवळ छाती काढून उभे राहिलेले एखादे काका असतात. आता या ओळीत एक नवी वस्तू येऊन बसू लागली आहे. तिला डिजिटल फोटोफ्रेम म्हणतात. मुंबई-पुण्याला असलेला मुलगा दिवाळीला येताना ती घेऊन येतो, घरातल्यांना कौतुक वाटते, आणि पुष्कळदा चार महिन्यांनी ती कपाटावर धूळ खात पडते. असे का होते, आणि ती घ्यायचीच तर कशी घ्यावी व कशी वापरावी, हे आज सांगायचे आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. ती म्हणजे पाटीएवढा एक पडदा. त्याच्या पाठीमागे बारीक दिवे असतात आणि पुढे लाखो ठिपके. प्रत्येक ठिपका हुकमाप्रमाणे रंग धरतो आणि सगळे मिळून चित्र दिसते. कागदावरचा फोटो दिवसाच्या उजेडात आपला आपण दिसतो. हा फोटो विजेवर दिसतो. एवढा फरक पक्का ध्यानात ठेवला, की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

दुकानात गेल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट आकार. सात इंची फ्रेम म्हणतात तेव्हा ते माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे असते. असा पडदा जेमतेम पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा भरतो. दहा इंची पडदा सुमारे २२ सेंटिमीटर रुंद आणि साडेतेरा सेंटिमीटर उंच असतो. घरातली म्हातारी माणसे खाटेवर बसून पाहणार असतील, तर दहा इंचांपेक्षा लहान फ्रेम घेऊ नये.

दुसरी गोष्ट ठिपके. दहा इंची पडद्यावर आडवे १२८० आणि उभे ८००, म्हणजे एकूण सुमारे दहा लाख ठिपके असले की घरच्या कामाला पुरे. जुन्या स्वस्त फ्रेममध्ये ८०० बाय ४८० असत, म्हणजे चार लाखांच्याही आत. त्यांत चेहरे भुरकट दिसतात. याच वेळी फ्रेमच्या एका बाजूला उभे राहून पाहावे, मग खाली वाकून पाहावे. हलक्या प्रतीच्या पडद्यावर तिरपे पाहिले की रंग उलटे-पालटे होतात. आपल्या घरी सगळेच काही समोर पाट मांडून बसत नाहीत, तेव्हा ही परीक्षा दुकानातच करावी.

तिसरी गोष्ट पडद्याची ठेवण. फ्रेम आडवी आणि फोटो उभा असला, तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ८०० ठिपके उंचीच्या पडद्यावर उभा फोटो साधारण ६०० ठिपके रुंद बसतो. म्हणजे निम्म्याहून अधिक पडदा रिकामा. काही फ्रेम हा रिकामेपणा भरण्यासाठी फोटो ताणतात किंवा कापतात, आणि मग आजोबांचा फेटाच नाहीसा होतो! स्टुडिओत काढलेले जुने फोटो बहुधा उभे असतात. ते जास्त असतील, तर उभी ठेवता येईल अशी फ्रेम मागावी.

चौथी गोष्ट फोटो आत घालण्याची रीत. काही फ्रेममध्ये कार्ड किंवा पेनड्राइव्ह लावायचा असतो. काही वायफायवर चालतात. दूर असलेली लेक फोनवरून फोटो पाठवते आणि तो घरच्या फ्रेमवर उमटतो. सोय मोठी आहे. पण असे फोटो पुष्कळदा कंपनीच्या संगणकामार्फत येतात. उद्या कंपनीने ती सेवा बंद केली किंवा वर्गणी मागितली तर काय, हे आधी विचारावे. इंटरनेट नसताना, नुसत्या कार्डावर ती चालते का? उत्तर ‘नाही’ आले, तर गावाकडच्या घरासाठी ती घेऊ नये.

विजेचे दोन शब्द. दहा इंची फ्रेमला साधारण पाच ते दहा वॅट वीज लागते. दहा वॅट धरून रोज आठ तास चालवली, तरी महिन्याला अडीच युनिटांच्या आतच. तेव्हा बिलाची धास्ती नको. धास्ती आहे ती वीज जाण्याची. बहुतेक फ्रेमना बॅटरी नसते. वीज गेली की पडदा काळा. ती परत आल्यावर फ्रेम आपली आपण सुरू होते, की प्रत्येक वेळी कुणी बटण दाबावे लागते? हा प्रश्न जरूर विचारा. कपाटावर धूळ खाणाऱ्या कितीतरी फ्रेम या एकाच कारणाने तिथे गेलेल्या असतात. आजीला बटण सापडत नाही, आणि सून शेतात गेलेली असते.

खरे तर पैसे घालण्याआधी एक सोपा प्रयोग करावा. घरातल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावण्याची जागा असली, तर वीस-पंचवीस फोटो घालून ते एका संध्याकाळी सर्वांना दाखवावेत. मंडळी जमली, बोलू लागली, तर फ्रेम घरात नांदेल असे समजावे. जुना टॅब्लेट मात्र रात्रंदिवस चार्जरला लावून फ्रेमसारखा वापरू नये. त्याची बॅटरी कालांतराने फुगण्याचा धोका असतो.

आता फोटो तयार करण्याचे पाहू. भिंतीवरचा जुना फोटो फोनने काढायचा, तर तो काचेतून अलगद बाहेर घ्यावा आणि पडवीत, सावलीच्या उजेडात सपाट ठेवावा. फ्लॅश लावू नये. फोन फोटोशी समांतर धरावा, तिरपा नको. फोटो काचेला चिकटला असेल, तर ओढू नये. कागदावरची आकृती काचेवरच राहील. काचेसकटच फोटो घ्यावा आणि प्रतिबिंब पडू नये म्हणून फोनमागे काळे कापड धरावे. फोटो जेपीईजी प्रकारात साठवावा. आयफोनसारखे काही फोन एचईआयसी नावाचा प्रकार वापरतात, तो साध्या फ्रेमला वाचता येत नाही. फाइलींना ००१, ००२ असे इंग्रजी आकड्यांत क्रमांक द्यावेत. नुसते १, २ दिले तर दहावा फोटो दुसऱ्याच्या आधी येण्याचा संभव असतो.

फोटो थोडे घाला. शंभर फोटो, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे पावणेदोन तासांची बेगमी झाली. पाच सेकंदांत बदलणारे, गरगर फिरत येणारे चित्र म्हाताऱ्या डोळ्यांना झेपत नाही. एक मिनिट हा हिशेब चांगला.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डिजिटल फ्रेम ही खिडकी आहे, पेटी नव्हे. तिच्यातून फोटो पाहावेत. ते तिच्या भरवशावर ठेवू नयेत. फ्रेममधले कार्ड कधी सांगून बिघडत नाही. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. तो फ्रेमला चालतो, पण जतन करायला तो अपुरा. मूळ फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. प्रती तीन असाव्यात : एक फोनवर किंवा संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक घरांत पाणी शिरले. अशा वेळी भिंतीवरचा फोटो आणि कपाटातला पेनड्राइव्ह एकाच पाण्यात जातात. पाहुण्याच्या घरची प्रत तेवढी वाचते. पेनड्राइव्हही वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तर त्यातले जाऊ शकते. दसऱ्याला आपण अवजारे पुजतो. त्याच दिवशी तो काढून, लावून पाहण्याचा नेम ठेवावा. आणि कागदावरचा मूळ फोटो कधीही टाकू नये. त्याला वीज लागत नाही, आणि जुना कृष्णधवल फोटो नीट राखला तर शंभर वर्षांनीही दिसतो.

पण फोटो टिकला आणि नाव गेले, तर काय टिकले? आमच्या घरी एक फोटो आहे. चटईवर पाच माणसे बसलेली. माझ्या वडिलांना त्यांतली दोनच ओळखू येत. तळहाताएवढा तो फोटो दहा इंची पडद्यावर आला, तेव्हा आत्या भाकरी ठेवून उठली आणि पडद्यापाशी गेली. म्हणाली, “अरे, हा तर माझा मधला मामा! ह्याच्याच खांद्यावर बसून मी जेजुरी पाहिली.” पाठोपाठ तिने आणखी एकाची ओळख सांगितली, विहिरीची हकीकत सांगितली, दुष्काळाची सांगितली. मी त्याच रात्री ते वहीत उतरवले. पाचव्या माणसाबद्दल ती म्हणाली, “थांब, आठवून सांगते.” पुढच्या वर्षी आत्या गेली.

म्हणून माझे सांगणे असे, की फ्रेम घ्या अगर न घ्या. पण घरातल्या सर्वांत वडील माणसासमोर एकदा हे फोटो मोठे करून धरा आणि शेजारी वही घेऊन बसा. कोण, कुठले, कोणत्या साली, एवढे तरी लिहा. मग फोनवर त्या चित्राच्या तळाशी ती नावे मराठीत उमटवा. नाव चित्राचाच भाग झाले, की कोणतीही फ्रेम ते दाखवील. मूळ फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, फार न दाबता, तेच लिहा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलांना सुट्टीत घरचे पाच जुने फोटो शोधायला सांगा आणि त्यांतल्या माणसांची नावे आजी-आजोबांना विचारून आणायला लावा. संमती घेऊन ते शाळेच्या पडद्यावर दाखवा. गावाचा इतिहास शिकवायला याहून सोपे साधन शोधून सापडायचे नाही.

आमच्या फ्रेममध्ये तो पाच जणांचा फोटो रोज एक मिनिट येतो. तळाशी चार नावे आहेत. पाचव्या माणसाखालची जागा मी अजून रिकामी ठेवली आहे. तुमच्या घरी अशी जागा राहू नये, म्हणून हे सांगितले.