मागच्या एक्सलची टकटक

गाडीच्या मागून टक्‌ टक्‌ ऐकू येऊ लागली की मालक आणि मिस्त्री दोघेही आधी आवाजाची जागा शोधू लागतात. माझ्या मते शोधाची सुरुवात इथेच चुकते. बोलेरोसारखी गाडी घ्या. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर, दोन्ही चाकं एकाच अखंड हाउसिंगच्या टोकांना, मधोमध डिफरेन्शियल आणि हे सगळं यू-बोल्टने पाट्यांना आवळलेलं. असं एकसंध बांधलेलं लोखंड आवाज कुठेही नेऊन सोडतं. उजव्या ड्रममधला ठोका हाउसिंगमधून पाट्यांत, तिथून चासीत जातो आणि डाव्या सीटखाली वाजल्यासारखा वाटतो. जागेबाबत अनुभवी कानही फसतो. मात्र चाकाच्या एका फेऱ्यामागे किती ठोके पडतात, हे प्रमाण वाटेत बदलत नाही. म्हणून आधी ठोके मोजावेत आणि त्यांच्यावरून जागा ठरवावी.

मोजणीपूर्वी व्हील नट पान्याने तपासलेच पाहिजेत. सैल नटही फेऱ्याला एकदा टकटक करतो आणि तो तसाच राहिला तर चाक निखळू शकतं. टायरच्या खाचेत अडकलेला खडाही तेव्हाच काढून टाकावा. बोलेरोचा टायर २१५/७५ आर १५ मापाचा, म्हणजे घेर सुमारे २.२ मीटर. रिकाम्या सपाट रस्त्यावर २२ मीटरवर दोन खुणा करून गाडी चालण्याच्या वेगाने नेली की चाकाचे १० फेरे होतात. डिफरेन्शियलचं प्रमाण सोयीसाठी ४ धरलं, तर तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे ४० फेरे होतात. मोजणी १० च्या आसपास आली तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे: नट, ड्रम, एक्सल किंवा क्राउनचा एखादा दात. ४० आली तर पिनियनकडे किंवा शाफ्टच्या क्रॉसकडे वळावं. बेअरिंगचे रोलर धरणारी जाळी चाकाच्या निम्म्याहून थोड्या कमी गतीने फिरते, त्यामुळे तिथले ठोके फेऱ्याशी जुळतच नाहीत, दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडतात. सरळ जाताना शांत असलेली गाडी फक्त वळणावर वाजत असेल तर डिफरेन्शियलमधले छोटे गिअर तपासावेत, कारण ते वळणावरच आपल्या पिनवर फिरतात. आणि ठोक्याचा चाकाशी संबंधच नसेल, तो केवळ खड्ड्यात पडत असेल, तर पाट्यांचे बुश, शॅकल आणि शॉकअॅब्सॉर्बरची टोकं बघावीत.

ब्रेक दाबल्यावरच येणाऱ्या टकटकीत जागेमागे धावणारा हमखास चुकतो. ड्रम लेथवर घासून आणला की आतल्या पृष्ठभागावर कधी कधी स्क्रूसारखा बारीक आटा राहतो. ब्रेक लागताच शू त्या आट्याच्या वाटेने बाजूला सरकतो, स्प्रिंगचा ताण वाढला की मागे येतो आणि बॅकिंग प्लेटवर आपटतो. इथे नवे शू घालून उपयोग नाही, आटा ड्रममध्ये आहे आणि नवे शूही त्याच वाटेने जातील. ड्रमचा आतला भाग सॅंडपेपरने आडवातिडवा घासून आटा मोडावा लागतो. बॅकिंग प्लेटवर शू जिथे टेकतात त्या उंचवट्यांचा गंज काढून, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा, मात्र ते लायनिंगला लागता कामा नये. उंचवट्यांनाच खाचा पडल्या असतील तर प्लेट बदलण्याला पर्याय नाही.

कोणी म्हणेल, आवाज पन्नासच्या पुढेच येतो, तिथे काय मोजणार? आक्षेप खरा आहे. ताशी ५० किलोमीटरला हे चाक सेकंदाला सव्वासहा फेरे घेतं आणि शाफ्ट सुमारे २५. कानाने हे मोजता येत नाही, पण शेजारी बसलेल्याने फोनवर ध्वनिमुद्रण करून ते संथ गतीने ऐकलं तर येतं. स्पीडोमीटर थोडा चुकला तरी ६ आणि २५ यांत गोंधळ होणार नाही. जागोजागी मायक्रोफोनच्या क्लिपा लावून ऐकण्याची उपकरणंही मिळतात आणि ती चांगली आहेत. पण ठोका ब्रेकवर येतो, वळणावर की खड्ड्यात, हे माहीत नसेल तर क्लिप लावायची कुठे?

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे देतं, विचार करण्याचे देत नाही. मग मिस्त्री अंदाजाने भाग बदलतो, त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. पण मागच्या एक्सलमध्ये अंदाज फार महाग पडतो. दाबून बसवलेलं बेअरिंग उतरवताना बहुधा निकामी होतं, म्हणजे चांगलंही वाया जातं. क्राउन-पिनियन जोडीनेच जुळवलेले असतात, शिम आणि बेअरिंगवरचा ताण मोजून बसवलेले. विनाकारण उघडून पुन्हा नीट न बसवलेलं डिफरेन्शियल आधी नसलेली घरघर सुरू करतं. त्यापेक्षा बिलावर तपासणीची वेगळी मजुरी लिहावी आणि मालकाने ती द्यावी. गाडी ताब्यात घेताना त्याच २२ मीटरवर, त्याच वेगाने, ब्रेक दाबून आणि न दाबता, दोघांनी मिळून पुन्हा एकदा मोजावं.