शंभराव्या वर्षीही नोकरीत

युद्धनौकेच्या हजेरीपटावर चार वर्षांच्या पोराचं नाव, आणि हुद्दा काय, तर कसलेला खलाशी! साल १७९५, बंदर आजच्या कॅनडातलं हॅलिफॅक्स. पोराचे वडील तिथल्या ब्रिटिश नौदलाच्या कचेरीत मुख्य कारकून. लेफ्टनंट व्हायचं तर समुद्रावरची सहा वर्षं खाती जमा हवीत. मुलगा अंगणात खेळत असताना ती कागदावर जमू लागली. नियमाने हा गुन्हा, पण करणारे पुष्कळ होते.

या प्रोव्हो वॉलिसने जहाजावर खरोखर पाय ठेवला १८०४ मध्ये. सतराव्या वर्षी तो लेफ्टनंट झाला. मग आला १ जून १८१३. बोस्टनजवळ ब्रिटिश ‘शॅनन’ आणि अमेरिकी ‘चेसापीक’ समोरासमोर आल्या. जेमतेम पंधरा मिनिटांत चेसापीक ताब्यात आली, पण शॅननचा कप्तान फिलिप ब्रोक डोक्यावर तलवारीचा घाव बसून आडवा झाला होता आणि पहिला लेफ्टनंट ठार. जहाज आलं दुसऱ्या लेफ्टनंटकडे, म्हणजे बावीस वर्षांच्या वॉलिसकडे. जखमी, कैदी आणि जिंकलेली चेसापीक यांना सांभाळत तो हॅलिफॅक्सला पोचला. सहा दिवसांचं कप्तानपद, तेही तात्पुरतं. ते दिवस विसरू नका.

१८१९ मध्ये तो रीतसर कप्तान झाला. इथून पुढची बढती निव्वळ ज्येष्ठतेने: यादीतले वरचे गेले की खालचे सरकायचे. पराक्रमापेक्षा प्रकृती धडधाकट असणं महत्त्वाचं, आणि वॉलिस यांची होती. १८५१ मध्ये ते रिअर ॲडमिरल झाले. समुद्रावरची शेवटची नेमणूक १८५७ ची, दक्षिण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. त्यानंतर जहाज नाही, बढत्या मात्र चालूच. १८७७ मध्ये ‘ॲडमिरल ऑफ द फ्लीट’, म्हणजे सर्वोच्च पद!

पण तोवर निवृत्ती कशी नाही? १८७० मध्ये नौदलमंत्री चिल्डर्स यांनी म्हाताऱ्या अधिकाऱ्यांना घरी बसवणारे नियम आणले. त्यात एक सवलत होती: फ्रान्सशी झालेल्या जुन्या युद्धांच्या काळात, म्हणजे १८१५ पूर्वी, ज्याने युद्धनौकेचं नेतृत्व केलं असेल त्याचं नाव आमरण सक्रिय यादीत राहील. असे कितीसे उरले असणार, हा हिशेब. वॉलिस यांच्याकडे ते सहा दिवस होते! नियम करणाऱ्यांना माणसं किती जगू शकतात याचा अंदाज नव्हता, असंच म्हणावं लागतं.

नव्वदी उलटल्यावर नौदलाने त्यांना हळूच सुचवलं म्हणतात, की सक्रिय यादीतल्या माणसाला समुद्रावर बोलावणं येऊ शकतं, तेव्हा निवृत्त झालेलं बरं. उत्तर आलं: बोलवा, तयार आहे.

१३ फेब्रुवारी १८९२ ला ते गेले, वय शंभर. हजेरीपटाच्या हिशेबाने नोकरी शहाण्णव वर्षांची. तेव्हा पोर्ट्समथच्या गोदीत ‘रॉयल सॉव्हरिन’ ही चौदा हजार टनी पोलादी युद्धनौका पूर्ण होत आली होती, आणि शिडाच्या लाकडी फ्रिगेटवर लढलेला हा माणूस कागदोपत्री तिच्यावरही जायला पात्र होता.