वाणसामानाचा हिशेब

वसंत ऋतू आमच्याकडे जसा व्याख्यानांचा, तसाच वर्षाच्या बेगमीचाही. संध्याकाळी आपण येथे येऊन बसतो, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या गच्चीवर मिरच्या वाळत असतात आणि नव्या गव्हाची पोती दाराशी येऊन पडलेली असतात. म्हणून वाणसामानाच्या खर्चाचा विचार याच दिवसांत करावा, असे आम्हांस वाटले. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या मिळकतीचा बराच भाग दर महिन्यास याच वाटेने जातो, आणि त्यातून जे उरेल त्यावर मुलांचे शिक्षण व म्हातारपणाची तरतूद अवलंबून असते.

प्रारंभी घरचीच एक गोष्ट सांगतो. एका महिन्यात आमच्या वहीतला खर्च चांगलाच कमी दिसला. आम्ही समाधानाने वही मिटली. पुढे दोन-तीन महिन्यांनी कळले की, घरातील बाईने स्वतःचे दूध बंद केले होते आणि उसळ सर्वांना पुरावी म्हणून ती आमटी-भातावर भागवीत होती. जिला आम्ही बचत समजत होतो, ती तिच्या ताटातून काढलेली होती. हा प्रकार आमच्याच घरातला आहे, असे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या रक्तात लोह कमी पडून किंवा अन्य कारणांनी पंडुरोग आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण ताटात काय पडते, हे त्यांतले एक मोठे कारण होय. तेव्हा काटकसर कोठे करावी, याचा निर्णय आधी झाला पाहिजे. ती बाजारात करावी, कोठीत करावी. कोणाच्या ताटात करू नये.

बाजारातली पहिली गोष्ट म्हणजे वजन. आपली नजर पाकिटावरच्या किमतीकडे जाते, आतल्या मालाकडे जात नाही. पूर्वी तेल, डाळी, बिस्किटे अशा कित्येक वस्तूंची पाकिटे ठराविक वजनांचीच असावीत, असा नियम होता. तो आता राहिलेला नाही. त्यामुळे एकच पिशवी कधी १ लिटरची, कधी ८५० मिलिलिटरची असते, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. समजा, लहान पिशवी १३६ रुपयांस आणि लिटरची १५० रुपयांस आहे. लहान पिशवी १४ रुपयांनी स्वस्त वाटते. हिशेब केला तर तिचे तेल लिटरला १६० रुपये पडते. त्यात आणखी एक खुबी आहे. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे १ लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅमच भरते. म्हणून किलोने १६० रुपयांस मिळणारे तेल हे लिटरने १५० रुपयांस मिळणाऱ्या तेलापेक्षा स्वस्त असते! नियम बदलला त्याबरोबर पाकिटावर एका ग्रॅमची, किलोची वा लिटरची किंमत छापण्याचे बंधनही आले आहे. अक्षर बारीक असते. चष्मा लावून ते वाचावे. तसेच पाकिटावरची किंमत ही कमाल किंमत होय. तिच्याहून अधिक घेता येत नाही, कमी मात्र घेता येते. दोन दुकानांत विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास बाजारात येते, गहू मार्च-एप्रिलात, नवा गूळ दिवाळीच्या पुढे. माल भरपूर आला की भाव सामान्यतः उतरतात, आणि आपल्या आज्या-पणज्या याच बेताने कोठ्या भरीत. परंतु स्वस्तात घेतलेले धान्य टिकले नाही, तर ते महागात पडते. आम्ही एका वर्षी क्विंटलभर गहू घेऊन ३०० रुपये वाचवले, आणि तो कोठीत उरलेल्या जुन्या गव्हावरच ओतला. जुन्यातले पोरकिडे श्रावणापर्यंत नव्यात पसरले. १० किलो गहू टाकावा लागला. किलोला ३६ रुपये या भावाने ३६० रुपये गेले. म्हणजे बचत तर नाहीच, वर ६० रुपये पदरचे. तेव्हा कोठी आधी रिकामी करावी, पुसावी, उन्हात तापवावी. धान्य कडकडीत वाळवून, थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. कडधान्याला एरंडेलाचा हात लावण्याची चाल शहाणपणाची आहे. भुंगेरा दाण्यावर अंडी घालतो, ती तेलामुळे जगत नाहीत. ज्याच्या घरी ओल आहे किंवा जागा नाही, त्याने वर्षाची बेगमी करूच नये. दोन महिन्यांचे घ्यावे. रवा-बेसनाला तर लवकर जाळी धरते, ते महिन्यापुरतेच आणावे.

तिसरी गोष्ट यादीची. यादी आठवणीने लिहू नये, डबे उघडून लिहावी. मागच्या महिन्याची साबुदाण्याची पिशवी फडताळात तशीच असते आणि आपण दुसरी आणतो. यादी करताना घरातली सर्व माणसे बसली, तर आणखी एक लाभ होतो: कोण काय खाते आणि कोण काय सोडते, हे सर्वांना दिसते.

चौथी गोष्ट एकट्याच्या आवाक्यातली नाही. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली २८ कामकरी माणसांनी वर्गणी जमवून स्वतःचे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर असे मोजकेच जिन्नस. पण माल निर्भेळ, वजन पुरते, उधारी नाही, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. त्याच सहकारी वाटेने १९४८ साली मुंबईत कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थेचा ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७५ साली निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानही ठेवले नाही. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावी आणि आलेला माल आपसांत वाटून घ्यावा, अशी पद्धत घालून दिली. एका वाड्यातल्या वा इमारतीतल्या दहा घरांना एवढे जमण्यास काय हरकत आहे? दहा घरांचा गहू एकदम घेणाऱ्याला भावही बरा मिळतो आणि माल पारखून घेण्याची ऐपतही येते.

हे सर्व करून महिन्याला चार पैसे उरतील, तेव्हा वही मिटण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरात डोकावावे. सर्वांच्या मागून जेवायला बसणारीच्या ताटात उसळ आहे ना, वाटीत दूध आहे ना, हे पाहावे. असेल, तर ती बचत खरी. नसेल, तर उरलेल्या पैशांतून पहिला खर्च तिच्या दुधाचा करावा आणि मग पुढची यादी लिहावी.