वाकणारी वात

दिवाळीच्या आठवड्यात भांडुपच्या कोणत्याही चाळीसमोर उभे राहा आणि आकाशकंदील नीट न्याहाळा. बरेचसे खालून झगझगीत आणि वरून मलूल दिसतात; झिरमिळ्या उजळलेल्या, माथा अंधारात. कागदात काही खोट नसते, काड्याही नीट बांधलेल्या असतात. दोष असतो आतल्या एलईडी बल्बचा. होल्डरमधून उलटा लोंबणारा हा बल्ब जवळजवळ सगळा उजेड खाली ओततो, कारण वरच्या अर्ध्या भागात ड्रायव्हर (वीज पुरवणारं सर्किट) आणि उष्णता बाहेर काढणारं अपारदर्शक कवच असतं. जुन्या साठ वॉटच्या बल्बला हा प्रश्न नव्हता. तापलेली टंगस्टनची तार अख्ख्या अंगाने प्रकाशायची. तिला पुढची बाजू, मागची बाजू असं काही नव्हतंच.

एलईडीला मात्र तोंड आहे आणि पाठही. दुकानात मिळणाऱ्या पट्टीवरचा एक ठिपका घ्या. समोरून पाहिल्यावर जितका तेजस्वी वाटतो, त्याच्या निम्मा तो ६० अंशांतून दिसतो, आणि ९० अंशांवर गेलात की संपला. पाठीमागे ठार काळोख. अमेरिकेच्या ‘एनर्जी स्टार’ मानकाने चहूबाजूंनी प्रकाशणाऱ्या बल्बची व्याख्या केली, तेव्हा पाठीमागच्या भागात एकूण उजेडाच्या निदान ५ टक्के तरी पडावा, इतकंच मागितलं. ५ टक्के! यावरून हे काम किती अवघड होतं ते कळतं.

गंमत अशी की, चिपच्या आत प्रकाश जन्मतो तो सगळ्याच दिशांना. अडकतो तो नंतर. चिप ज्याची बनते त्या गॅलियम नायट्राइडमधून हवेत निसटायचं तर किरण पृष्ठभागावर लंबापासून २४ अंशांच्या आत यावा लागतो; नाहीतर तो आतच परतवला जातो. सपाट पृष्ठभाग असेल, तर एका बाजूने जेमतेम ४ टक्के प्रकाश थेट सुटतो. म्हणून चिपचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात आणि वर सिलिकॉनचा लेप देतात. लेपामुळे सुटकेची वाट रुंदावते. नेहमीच्या एलईडीत खालून निघू पाहणारा प्रकाशही आरसा लावून पुढे वळवतात. पण ही चिप पुष्कळदा कृत्रिम नीलमाच्या पातळ तबकडीवर वाढवलेली असते, आणि तो नीलम काचेसारखा पारदर्शक असतो. मग आरसा काढूनच टाकला तर?

२००८ साली जपानच्या उशियो कंपनीने हेच करून दाखवलं. बारीक चिपांची रांग एका चिंचोळ्या पारदर्शक काडीवर बसवली, तिच्याभोवती पिवळा लेप दिला आणि दोन्ही बाजूंनी प्रकाशणारी ‘वात’ तयार झाली. आज हॉटेलांत दिसणाऱ्या जुन्या धाटणीच्या बल्बांतली ती पिवळी काडी हीच. चिपा निळाच प्रकाश देतात. तेजस्वी निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. चिपांचा काही निळा प्रकाश लेप गिळतो आणि पिवळा करून परत फेकतो. दोन्ही मिसळून पांढरा.

तरी सरळ काडीचं एक दुखणं उरतंच. बाजूने पाहा, भरपूर उजेड. टोकाकडून पाहा, जवळजवळ काही नाही. वाकवण्याची खरी करामत इथे सुरू होते. वात वाकवायची ती शोभेसाठी, असं आपल्याला वाटतं. खरं तर वाकवल्यावर तिचा प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला टोक करतो, आणि एकाच्या टोकाकडचा अंधार दुसऱ्याच्या कुशीतला उजेड भरून काढतो. सगळे तुकडे सगळ्या दिशांना सारखे विखुरता आले, तर उजेड हुबेहूब समान पडेल. ते प्रत्यक्षात जमत नाही, पण साध्या सर्पिलाने बरंच जमतं. वातीला गोल फिरवत वर चढवा आणि चढ आडव्या रेषेपासून साधारण ३५ अंशांचा ठेवा: शेंड्याकडून दिसणारा उजेड आणि बाजूने दिसणारा उजेड जवळपास बरोबरीत येतात. चिप तीच, वीज तेवढीच, फक्त वळण बदललं! मला तरी या सगळ्या विषयात याहून देखणी गोष्ट सापडलेली नाही.

पण वाकणार काय? नीलम वाकत नाही, चिपही नाही. वाकतो तो दोन चिपांमधला मोकळा भाग. दोन मिलिमीटर जाड वात दोन सेंटिमीटर त्रिज्येत वळवली, की तिची बाहेरची कड ५ टक्के ताणली जाते आणि आतली तितकीच दबते. सिलिकॉनला त्याचं काही वाटत नाही. चिपांना जोडणारी सोन्याची तार मात्र केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी बारीक असते. ती तुटते, आणि रांगेतली एक तार तुटली की अख्खी रांग विझते. यावरचा उपाय जाडीच्या मधोमध सापडतो. तिथे एक थर असा असतो, जो ताणलाही जात नाही आणि दबतही नाही. तांब्याचा पातळ पत्रा त्या थरात बसवायचा, चिप पालथी करून थेट तांब्यावर चिकटवायची आणि सोन्याची तार रद्दच करायची.

आता तांबं आलं म्हणजे सावली आली. ते काढावं, तर उष्णता जाणार कुठून? एलईडी तापल्या तारेसारखी उष्णता दूर फेकत नाही. तिला धातूतून वाट काढून द्यावी लागते, आणि सिलिकॉन या कामात तांब्याच्या हजारो पटींनी मागे आहे. बंद बल्बात हेलियम भरून निभावता येतं, कारण तो हवेच्या सहापट उष्णता वाहतो. उघड्यावर टांगलेल्या वातीला ती सोय नाही. म्हणून तांबं ठेवायचं, पण चिंचोळं, आणि वीज जपून द्यायची.

दुकानांच्या पाट्यांवर, मखरांवर मिळते ती ‘निऑन फ्लेक्स’ वेगळी. तिच्यात निऑन वायू औषधालाही नसतो. आत साधी एलईडी पट्टी आणि वर दुधाळ सिलिकॉन. हे दूधपण येतं सूक्ष्म कणांमुळे, बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. रंगाच्या डब्यातला पांढरेपणाही त्याचाच. या कणांत शिरलेल्या प्रकाशाची अवस्था संध्याकाळी दादरला चढलेल्या प्रवाशासारखी होते: धक्के खात भलत्याच दाराने उतरायचं. ठिपके पुसले जाऊन सलग रेषा दिसते ती यामुळेच. कण कमी पडले तर ठिपके दिसतात, जास्त झाले तर निम्मा उजेड आतच मुरतो. ढोबळ हिशेब असा की, दोन ठिपक्यांमधलं अंतर जेवढं, तेवढी तरी दुधाळ थराची जाडी हवी. मीटरला ६० ठिपके असतील तर हे अंतर सतरा मिलिमीटरच्या आसपास येतं. म्हणून बारीक फ्लेक्सला १२० किंवा त्याहून दाट पट्टी लागते.

तर मग खरेदीला जाल तेव्हा वात पेटवायला सांगा आणि उलटी करून बघा. स्वस्त वात मागून मंद आणि पिवळट दिसते, कारण चिपांखालची तपकिरी पॉलिइमाइड प्लास्टिकची पट्टी निळा प्रकाश खाऊन टाकते. अशी वात भिंतीला टेकवून लावायला चालेल. टांगायची असेल तर घेऊ नका. पट्टी कापून घेणार असाल, तर कात्रीची खूण असेल तिथेच कापायला लावा. बारा व्होल्टच्या साध्या पट्टीत बहुधा तीन-तीन ठिपक्यांचा गट एका रांगेत जोडलेला असतो. मधोमध कात्री चालवली, तर त्या गटातला एकही ठिपका पुन्हा पेटत नाही.